शर्यत बोटींची, बाजी पुलाची

'आगबोट' हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आमच्या पिढीनं बहुतेक आजीच्याच तोंडून. माझी आजी देवगडकडची. लग्न होऊन ती मुंबईला आली ती आगबोटीनं. गावाकडे बोट थेट काठाला लागायची नाही, आधी पडावातून तिच्यापर्यंत जायचं, मग वर चढायचं. रात्रभर उलट्या आणि उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात तर बोट बंदच. पुढे एसटी गावोगाव पोचली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि 'आगबोट' हा शब्द आजीबरोबरच म्हातारा होत गेला.

मला तो पुन्हा आठवला तो थेट मिसिसिपी नदीच्या काठावर!

झालं असं की २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं मला दीड महिन्यासाठी अमेरिकेत सेंट लुईसला पाठवलं. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये टीम लीड. अकरा जणांची टीम. क्लायंटची हॉस्पिटलांची बिलं बनवणारी सिस्टिम होती आणि तिच्यातल्या चुका आम्ही शोधायचो. अशीच आणखी एक टीम दुसऱ्या शहरात होती. दर शुक्रवारी डॅशबोर्ड यायचा, कुणी किती बग पकडले त्याचा. आमचे तीन जास्त निघाले की ऑफिसात समोसे, तीन कमी निघाले की सोमवारपर्यंत सुतकी चेहरे. तीन वर्षं ही शर्यत आम्ही इमानेइतबारे पळलो.

सेंट लुईसला पहिल्याच आठवड्यात मीटिंग झाली. क्लायंटनं एक नवं टूल दाखवलं. आमच्या अकरा जणांना जे तपासायला आठ दिवस लागायचे, ते या टूलनं एका रात्रीत उरकलं. स्लाइडवर आमची टीम आणि ती दुसरी टीम, दोन्ही एकाच रकान्यात होत्या. मग मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की एप्रिलपासून अकरापैकी चौघं पुरतील. नावं मी सुचवायची.

त्या शनिवारी खोलीत बसवेना, म्हणून बाहेर पडले. तिथे गेटवे आर्च नावाची स्टीलची प्रचंड कमान आहे, तिच्या पायथ्याशी नदी. काठावर दगडी फरसबंदीचा उतार सरळ पाण्यात जातो. आपल्या घाटासारखाच, फक्त पायऱ्या नाहीत. एकेकाळी या उतारावर आगबोटी एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. इतक्या खेटून, की १८४९ च्या मे महिन्यात एका बोटीला आग लागली आणि २३ बोटी जळून गेल्या. आज तिथे टुरिस्टांना तासभर फिरवणाऱ्या, जुन्या धाटणीच्या बोटी निघतात. मीही तिकीट काढलं. आणि मग पुढचे सगळे वीकेंड त्या नदीच्या नादात गेले.

प्रवाहाच्या उलट

आगबोटीनं नेमकं काय केलं, हे कळायला आधी तिच्याआधीचा प्रवास बघायला हवा. ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातला शेतकरी लाकडाचा सपाट तराफा बनवायचा. त्यावर धान्य, डुकराचं मांस, तंबाखू लादायचा आणि प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लिन्सला पोचायचा. माल विकला की तराफाही लाकडाच्या भावात विकायचा, आणि घरी यायचं चालत! शेकडो मैल. उलट्या दिशेनं माल आणायचा तर माणसं बांबू रोवत, काठावरून दोर ओढत बोट वर न्यायची. न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलला पोचायला तीन-चार महिने सहज लागायचे.

रॉबर्ट फुल्टननं १८०७ मध्ये हडसन नदीवर न्यूयॉर्क ते ऑल्बनी आगबोट चालवून दाखवली. चार वर्षांनी, १८११ च्या ऑक्टोबरात, पिट्सबर्गहून 'न्यू ऑर्लिन्स' नावाची बोट निघाली. निकोलस रूझवेल्ट हा तिचा कर्ताधर्ता. सोबत त्याची गरोदर बायको लिडिया. लोकांनी दोघांना वेड्यात काढलं. वाटेत लुईव्हिलला तिचं बाळंतपण झालं. डिसेंबरात न्यू मॅड्रिडचे भूकंप सुरू झाले, ओळखीचे काठ आणि बेटं जागेवरून गायब व्हायला लागली. तरी जानेवारी १८१२ मध्ये बोट न्यू ऑर्लिन्सला लागली. बायकोनं आठव्या महिन्यात साधा रिक्षाप्रवास केला तरी ओरडणाऱ्या नवऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी!

पण खाली येणं सोपं होतं. खरी परीक्षा वर जाण्याची. १८१५ मध्ये हेन्री श्रीव्ह नावाच्या कॅप्टननं 'एंटरप्राइज' ही बोट न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलला उलट्या प्रवाहात पंचवीस दिवसांत नेली. १८५३ पर्यंत हाच प्रवास साडेचार दिवसांवर आला. चार महिन्यांवरून साडेचार दिवस! आपल्याकडे ट्रंककॉलनंतर एकदम मोबाइल आला तेव्हा जे वाटलं असेल, तसंच काहीसं.

श्रीव्ह माणूसही भारी. फुल्टन आणि त्याच्या भागीदारानं लुइझियानात आगबोटींची मक्तेदारी मिळवली होती. श्रीव्ह कोर्टात भांडला आणि ती मोडायला हातभार लावला. नदीच्या तळात रुतलेली झाडं बोटींची पोटं फाडायची, म्हणून १८२९ मध्ये त्यानं ती उपटणारी खास बोट बनवली. लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट शहर त्याच्याच नावाचं.

वरच्या मजल्यावर झुंबरं

पोस्टरवरच्या आगबोटी देखण्या दिसतात. पांढरीशुभ्र, मजल्यांवर मजले, दोन उंच धुराडी, वरच्या मजल्यावर झुंबरं आणि गालिचे. खालचा मजला मात्र वेगळाच. तिथे बॉयलर, लाकडाच्या मोळ्या, कापसाच्या गासड्या, गुरं, आणि त्यांच्यातच जमेल तिथे अंग टाकणारे स्वस्त तिकिटाचे प्रवासी. भट्टीत लाकूड घालणारे आणि माल वाहणारे कितीतरी जण गुलाम होते. याच बोटींतून गुलामांना माल म्हणून दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यांवर विकायला नेत. आईपासून मूल तुटायचं, पुन्हा गाठ नाही. नदीच्या त्या सगळ्या वैभवाखाली कापूस होता, आणि कापसाखाली ही माणसं. झुंबराचा फोटो काढताना हे विसरून चालत नाही.

शिवाय धोका. अशी बोट सरासरी पाचेक वर्षं टिकायची. झाडावर आपटायची, जळायची, नाहीतर बॉयलर फुटायचा. अपघात इतके वाढले की १८५२ मध्ये बॉयलरची तपासणी आणि पायलट-इंजिनीयरना लायसन्स सक्तीचं करणारा कायदा आला. तरीही २७ एप्रिल १८६५ ला मेम्फिसजवळ 'सल्ताना'चे बॉयलर फुटले. परवानगी ३७६ माणसांची, बोटीवर एकवीसशेहून जास्त. बहुतेक सगळे यादवी युद्धात कैद होऊन नुकतेच सुटलेले, घरी निघालेले सैनिक. कमीत कमी अकराशे माणसं गेली.

दोन वाव पाणी

या सगळ्या गर्दीतला राजा म्हणजे पायलट. कॅप्टन नव्हे! बोट काठ सोडून निघाली की सुकाणू पायलटच्या हातात, आणि तिथे कॅप्टनचाही शब्द चालत नसे. कारण नदी त्याच्या डोक्यात असायची. सेंट लुईस ते न्यू ऑर्लिन्स, सुमारे बाराशे मैल. प्रत्येक वळण, प्रत्येक वाळूचा दांडा, बुडालेलं प्रत्येक झाड, दिवसा कसं दिसतं आणि काळोखात कसं. बरं, नदी दर पावसाळ्यात पात्र बदलणार, म्हणजे पाठ केलेलं पुन्हा पाठ करा.

सॅम्युएल क्लेमेन्स हा पोरगा १८५७ मध्ये असाच पायलटकडे उमेदवारीला राहिला. शिकवणीचे ५०० डॉलर कबूल करून! १८५९ मध्ये त्याला लायसन्स मिळालं. मधल्या काळात, १८५८ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ हेन्री 'पेनसिल्व्हेनिया' बोटीच्या बॉयलर स्फोटात गेला. पुढे हाच क्लेमेन्स 'मार्क ट्वेन' म्हणून जगाला माहीत झाला. हे टोपणनावही नदीचंच. पाण्याची खोली मोजणारा खलाशी ओरडायचा, 'मार्क ट्वेन', म्हणजे दोन वाव पाणी. बारा फूट. बोट निघून जाईल, काळजी नको.

ट्वेननं आपल्या पुस्तकात पायलटांच्या संघटनेची एक गंमत सांगितलीय. धक्क्याधक्क्यावर कुलूपबंद पेट्या असत. प्रत्येक सभासद पायलट वाटेत नदी कुठे बदलली त्याची चिठ्ठी लिहून पेटीत टाकायचा, आणि पुढचा ती वाचून निघायचा. किल्ली फक्त सभासदांकडे. बाहेरच्यांच्या बोटी आपटायच्या, सभासदांच्या सुखरूप जायच्या. शेवटी विमा कंपन्याही संघटनेतलाच पायलट मागायला लागल्या. महिन्याला अडीचशे डॉलर पगार, त्या काळात म्हणजे ऐटच!

हे वाचताना मला आमच्या टीममधले काका दिसत होते. वय चोपन्न, टेस्टिंगमध्ये बावीस वर्षं. महिनाअखेरीला कुठलं मॉड्यूल कोसळतं, कुठल्या विमा योजनेत बिल दोनदा लागतं, सगळं तोंडपाठ. कुठे लिहिलेलं काही नाही. 'काकांना विचार' हीच आमची डॉक्युमेंट्स. हळू काम करायचे, डॅशबोर्डवर कायम तळाला. पण क्लायंटला खरोखर बुडवू शकेल असा बग बहुतेक वेळा त्यांच्याच हाताला लागायचा.

४ जुलै, आणि पुन्हा ४ जुलै

आता ती प्रसिद्ध शर्यत. ३० जून १८७० च्या संध्याकाळी न्यू ऑर्लिन्सहून दोन बोटी निघाल्या. 'रॉबर्ट ई. ली' आणि 'नॅचेझ'. कॅप्टन कॅनन आणि कॅप्टन लेदर्स, दोघांचं एकमेकांशी वाकडं. कॅननं बोट हलकी करायला बरंच सामान काढून टाकलं, माल घेतला नाही, आणि वाटेत न थांबता दुसऱ्या बोटीला जोडून चालत्या बोटीवर कोळसा भरला. लेदर्सनं मात्र नेहमीसारखा माल आणि प्रवासी घेतले, आणि धुक्यात त्याचे कित्येक तास गेले. काठांवर तोबा गर्दी, तारेनं क्षणाक्षणाच्या बातम्या, युरोपातसुद्धा पैजा. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी सकाळी, 'ली' सेंट लुईसला पोचली. ३ दिवस, १८ तास, १४ मिनिटं. 'नॅचेझ' सहा तासांहून जास्त मागे राहिली. आपण वाटेत थांबलो ते तास वजा करा, मग आपणच जिंकलो, असं तिच्या बाजूचे लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

पण बोटीतून फिरताना ज्या गोष्टीनं मी हादरले ती वेगळीच. हजारो माणसं विजेत्या बोटीकडे बघून टोप्या उडवत होती, तेव्हा त्याच नदीत, त्याच शहरासमोर, एका पुलाच्या खांबांचं बांधकाम चालू होतं. १८६७ पासून! तो बांधणारा जेम्स ईड्स हा नदीतलाच माणूस. तरुणपणी आगबोटीवर कारकून, मग बुडालेल्या बोटींचा माल काढणारा. पाणबुडीच्या घंटेत बसून नदीच्या तळावर स्वतः चाललेला. तळ कसा सरकतो हे त्याला पायांनी ठाऊक होतं, म्हणून खांब खडकापर्यंत न्यायचे यावर तो अडून बसला. दाबाखालच्या हवेनं भरलेल्या खोल्यांत नदीच्या तळाशी खोदताना डझनाहून जास्त मजूर मेले. इतक्या खोलवरून झपकन वर आलं की शरीराचं काय होतं, हे तेव्हा नीट कळलेलंच नव्हतं.

पुलाचं उद्घाटन झालं ४ जुलै १८७४ ला. शर्यतीनंतर बरोबर चार वर्षांनी. त्याआधी पूल भार पेलतो हे लोकांना पटावं म्हणून त्यावरून हत्ती चालवला होता! पूल म्हणजे रेल्वे. नदी वाहते उत्तर-दक्षिण, आणि देशाचा धंदा वळला होता पूर्व-पश्चिम. रेल्वे हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून अडत नाही, आणि नदी नाही तिथेही जाते.

बोटवाल्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. वरच्या अंगाला रॉक आयलंडला मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल एप्रिल १८५६ मध्ये सुरू झाला, आणि दोनच आठवड्यांत 'एफी ॲफ्टन' ही आगबोट त्यावर आपटून जळाली. पुलाचाही भाग जळाला. बोटवाल्यांनी केस केली. पुलाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत एक होता अब्राहम लिंकन. त्याचं म्हणणं साधं होतं, नदीतून वर-खाली जाणाऱ्याला जेवढा हक्क, तेवढाच नदी ओलांडणाऱ्यालाही. ज्युरीचं एकमत झालं नाही. पुढे ईड्सच्या पुलाखालून आपली उंच धुराडी जात नाहीत, अशीही तक्रार झाली. पूल जागचा हलला नाही. आज त्याच्यावरून गाड्या जातात, आणि खालच्या डेकवरून सेंट लुईसची मेट्रो.

काकांची पेटी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट केली. त्या दुसऱ्या टीमच्या लीडला फोन लावला. तीन वर्षं तिचं नाव फक्त डॅशबोर्डवर वाचलेलं. ती पहिलंच वाक्य म्हणाली, "मलाही चारच नावं मागितलीत." मग आम्ही दोघी दीड तास बोललो. ठरवलं की शुक्रवारचा तो आकडा आता मरू दे. दोन्ही टीम मिळून टूलला काय जमत नाही त्याची यादी करायची आणि क्लायंटसमोर ठेवायची. त्यासाठी काकांच्या डोक्यातलं कागदावर यायला हवं होतं.

पुण्याला परतल्यावर मी काकांना कॅन्टीनमध्ये गाठलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "लिहून दिलं की मग माझी गरज काय गं?"

यावर मी काय बोलणार? खोटी आशा दाखवायची नव्हती. मी त्यांना ट्वेनचं सांगितलं. युद्धामुळे १८६१ मध्ये नदीची वाहतूक थांबली आणि तो सुकाणू सोडून गेला. १८८२ मध्ये परत आला तेव्हा सरकारनं काठाकाठानं दिवे लावले होते, तळातली झाडं उपटली होती. ज्या काळोखासाठी पायलटला पगार होता, तो काळोखच उरला नव्हता. धक्क्यावर बोटी मोजक्या. पण त्याच्या डोक्यातली ती जुनी नदी त्यानं १८८३ मध्ये पुस्तकात उतरवली, आणि आज ती नदी फक्त तिथेच आहे. ज्या पायलटांनी लिहिलं नाही, त्यांची नदी त्यांच्याबरोबर गेली.

काकांनी दोन दिवसांनी लिहायला सुरुवात केली. वहीत, पेननं. जानेवारीपर्यंत एकशेचाळीस पानं झाली. ती यादी बघून क्लायंटनं चाराचे सहा केले. अकरातले सहा. त्या टीमचेही सहा. पाच जण गेलेच. काकांचं नाव मी सहात घातलं होतं, ते त्यांनी स्वतः काढायला लावलं. "माझ्या जागी त्या नवीन पोरीला ठेव, तिचं होमलोन आहे." उरलेल्या चौघांपैकी दोघांना नोकरी मिळायला आठ महिने लागले. त्यांच्या घरच्यांना मी कुठल्या नदीची गोष्ट सांगणार होते?

नदी आटली नाही

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मिसिसिपीवरची वाहतूक संपली, असं आपल्याला वाटतं ना? अजिबात नाही! आज तिथून आगबोटींच्या काळापेक्षा कितीतरी जास्त माल जातो. बोटीतून फिरताना मी स्वतः बघितलं. एकच डिझेल बोट, आणि तिच्यापुढे बांधलेले पंधरा बार्ज. एकेका बार्जमध्ये साधारण दीड हजार टन धान्य नाहीतर कोळसा. वेग म्हणाल तर आपल्या सायकलवाल्यानंही मागे टाकावा. पण धान्याला कुठे घाई असते? आणि सुकाणूवर अजूनही लायसन्सवाला पायलटच लागतो. शंभर वर्षांहून जुनी, १९१४ ची 'बेल ऑफ लुईव्हिल' अजून खरोखर वाफेवर चालते, पण ती हौसेची. पोटापाण्याचं काम करतात ते हे बार्ज.

म्हणजे नदीनं काय सोडलं? वेग. रेल्वेशी वेगात तिचा निभाव लागणारच नव्हता. आणि काय धरलं? भार. जड, मंद, बिनझुंबराचा भार. तो तिच्याइतक्या स्वस्तात आजही दुसरं कुणी वाहत नाही.

काका आता एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात बिलं तपासतात. पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात बिल पडण्याआधी ते यांच्या नजरेखालून जातं. पगार जवळजवळ निम्मा. मागच्या महिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, एका म्हातारीच्या बिलात ऑपरेशनचा खर्च दोनदा लागला होता, तो काढला. कॉम्प्युटरनं पास केलेलं बिल. "मी फास्ट कधीच नव्हतो गं," ते हसून म्हणाले, "पण इथे मला कुणी घाई करत नाही."

आमच्या सहा जणांच्या टीमचा आता डॅशबोर्ड नाही. काकांची ती वही स्कॅन करून आम्ही दोन्ही टीमना दिलीय. पेटीला कुलूप न लावता. त्यातली काही पानं एक दिवस टूलही शिकेल, हे आम्हाला माहितीय. त्या दिवसासाठी आपल्याकडे वाहायला कुठला भार उरेल, यावर दर शुक्रवारी आम्ही तासभर बोलतो. समोसे मात्र तसेच चालू आहेत.

तुमच्याही ऑफिसात एखादी 'ली' आणि एखादी 'नॅचेझ' धुराडी पेटवून पळत असणारच. पळा, जरूर पळा. फक्त अधूनमधून शेजारच्या बोटीवरची नजर काढून जरा नदीकडे बघा. कुठे खांब उभे राहताहेत का?